दसऱ्यात गेलेली नावं

आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी अख्खं घर धुऊन काढतात. वाकळा, सतरंज्या, पडदे सगळं पाण्यातून निघतं, पितळेची भांडी चिंचेनं लखलखतात, माळ्यावरचं सामान खाली येतं आणि त्यातलं निम्मं परत वर जात नाही. याला दसरा काढणं म्हणतात. आम्ही बौद्ध, घट आमच्या घरी बसत नाहीत. पण चाकूरच्या आमच्या गल्लीत दोरीवर वाकळा दिसायला लागल्या की आईचेही हात शिवशिवतात. "धुळीला काय धर्म असतो का," म्हणते आणि पंखे पुसायला मला स्टुलावर चढवते.

लातूरला मी जिथं नोकरी करते तिथंही दसरा निघतो. एमआयडीसीतलं पत्र्याचं शेड, पुढे काचेचं ऑफिस, मागे वेल्डिंग आणि रंगकाम. आम्ही डाळ मिलसाठी रंग बघून डाळ निवडणारी मशीन बनवतो. वरून डाळ पडते, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो, काळा, किडका किंवा खडा दिसला की हवेचा फटका मारून तो बाजूला उडवला जातो. मशीनच्या पोटात तळहाताएवढा एक बोर्ड असतो आणि त्या बोर्डावर चालणारा प्रोग्राम माझ्या गळ्यात असतो. पाहुण्यांना मी "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगते. जास्त सांगायला गेलं की ते विचारतात, मग बँकेत का नाही गेलीस.

इथं मात्र थोडं जास्त सांगावं लागेल. तो बोर्ड लहान असतो आणि त्याचा प्रोसेसर आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरपेक्षा वेगळ्या घराण्याचा. प्रोग्राम तयार करायची ताकद त्याच्यात नसते. म्हणून आम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याच्यासाठी प्रोग्राम तयार करून पाठवतो. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. भाकरी लातूरला थापायची, खाणारा नांदेडला, इतकंच ते.

आम्ही जो कोड लिहितो त्यात प्रत्येक कामाला नाव असतं. डाळ सोड, हवा मार, अहवाल लिही. कंपायलर त्याचे आकडे करतो. बोर्डाला नावांचं काही पडलेलं नसतं, त्याला आकडे पुरतात. पण मशीन आडवं पडलं की माणसाला नावं लागतात, नाहीतर कुठल्या कामात पडलं ते कळायचं कसं? म्हणून कंपायलर कुठल्या आकड्याखाली कुठलं नाव होतं याची जंत्री प्रोग्रामला जोडून देतो. तिला डीबग सिंबॉल म्हणतात. ही जंत्री प्रोग्रामपेक्षा कितीतरी जाड असते आणि बोर्डावर तेवढी जागा नसते. मग आम्ही ती सोलून वेगळी काढतो, प्रोग्राम मशीनवर पाठवतो आणि नावांची फाइल स्वतःजवळ ठेवतो. दोघांवर एकच लांबलचक खूण उमटलेली असते, ती जुळली तरच जोडी खरी. तुरीची डाळ दुकानात जाते आणि चुनी मागे राहते, तसंच हे. चुनी फेकायची नसते, जनावराला लागते, हे लातूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण नावांच्या फाइली कोणतं जनावर खातं हे आमच्या सरांना कोणी सांगितलं नव्हतं.

सर म्हणजे आमचे मालक. माणूस लाखात एक, पण कामाला हात घातला की मागेपुढे बघत नाहीत. त्या वर्षी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, शेडचा दसरा काढला. काकू आमचे हिशेब बघतात आणि त्यांच्या झाडूपुढे सरांचंही काही चालत नाही. सगळे फळ्या पुसत होते तेव्हा आपण रिकामं कसं बसायचं, म्हणून सरांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरचा दसरा काढला. जुनं सगळं पुसून त्यावर नवीन सिस्टिम टाकली, नवा कंपायलर टाकला. मी त्या दिवशी रजेवर होते. परत आले तर सर खुशीत होते, कॉम्प्युटर कसा पळतो बघ म्हणाले. बघितला, पळत होता. पुढे नवीन कामाची घाई होती, मीही जास्त खोलात शिरले नाही.

दसरा झाला आणि नांदेडच्या एका मिलमधून फोन यायला लागले. तिथल्या मशीनवर नवरात्राच्या तोंडावर, कॉम्प्युटर पुसला जायच्या थोडं आधी, आम्ही नवा प्रोग्राम टाकला होता. त्यात मराठी कीबोर्ड होता, सरांचा मोठा अभिमानाचा विषय. चालवणाऱ्यानं पाळी सुरू करताना स्क्रीनवर आपलं नाव टाकायचं, ते मराठीतही टाकता यायला पाहिजे, असं सर कधीपासून म्हणत होते. तो त्यांनी स्वतः तपासलाही, स्वतःचं दोन अक्षरी नाव टाकून.

मिलच्या शेठचं म्हणणं असं, की मशीन चालता चालता मरतं आणि ते नेमकं बाईच्या पाळीत मरतं. फिटर येऊन परत चालू करतो, मग पाळी संपेपर्यंत काही होत नाही. दुसऱ्या पाळीत तर काहीच होत नाही. "सायेब, मशीन बाईच्या हाताला लागंना," शेठ म्हणाले. दिवाळीची हरभरा डाळ चालू होती, वाट बघायला कुणाला वेळ नव्हता. दिवाळीपर्यंत बघू, मग तिला परत झाडलोटीला लावू आणि मशीनवर दुसरा माणूस आणू, असं त्यांनी सांगून टाकलं.

ही बाई मला माहीत होती. मशीन बसवायला गेले होते तेव्हा भेटली होती. मुखेडकडच्या एका खेड्यातली, दहावी झालेली, चाळिशीच्या आसपासची. मशीन यायच्या आधी त्या मिलमध्ये बायकांची रांग बसायची सुपं घेऊन, त्या रांगेत ती होती. मशीन आलं तशी रांग गेली. आमच्या मशीननं गेली, हे मी विसरत नाही. तिला एकटीला ठेवलं, कारण तिला वाचता येत होतं आणि ती घाबरली नाही. पगार थोडा वाढला होता, पण तिला त्यापेक्षा खुर्चीचं अप्रूप होतं. "बसून काम हाय म्याडम," ती मला म्हणाली होती. "पाठ जमिनीला टेकती रातच्याला."

मी एसटी पकडली. चाकूरला बसायचं, अहमदपूर, लोहा करत नांदेड. मिलमध्ये पोचले तर ती माझी वाटच बघत होती.

"म्या काय बी केलं न्हाई," पाणी द्यायच्या आधी ती म्हणाली. "तुमी माझ्या बाजूला बसा. माझे हात बघत ऱ्हावा."

मी बसले. तिनं पदर खोचला, हात पुसले, स्क्रीनवर एका बोटानं सावकाश नाव टाकलं, सुरू दाबलं. डाळ पडायला लागली. सोन्यासारखी पिवळी डाळ अखंड खाली येत होती आणि मधूनमधून हवेचा फटका, फट्. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, मला दिसावेत असे. आम्ही गप्पा मारत बसलो. तिचा मुलगा नांदेडलाच आयटीआयला होता. बराच वेळ झाला, पहिला लॉट संपत आला, आणि फटके थांबले. स्क्रीन काळी झाली. डाळ पडतच राहिली, काळी-गोरी सगळी एकत्र, चांगल्या पोत्यात. तिनं धावत जाऊन वरची झडप बंद केली. परत आली तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी होतं, पण आवाज चांगला खणखणीत होता. "बघितलं न्हवं?"

बघितलं होतं. फिटर आला, मशीन परत चालू केलं, नावाच्या जागी ‘एक’ हा आकडा ठोकला, काम सुरू. मी त्याला म्हणाले, "यांनी कशालाच हात लावला नव्हता." तो हसला. "म्याडम, तुमी बाई, त्या बी बाई. शेठला काय सांगू म्या, दोगी बायांनी सांगितलं म्हनून?"

मला राग आला. पण रागानं काही सिद्ध होत नाही. आमचा प्रोग्राम मरतो तेव्हा मरतानाच्या क्षणाची सगळी स्थिती एका फाइलमध्ये टाकून जातो, ती मी पेन ड्राइव्हवर घेतली. निघताना ती बाई गेटपर्यंत आली. "दिवाळीच्या आत हुईल का?" तिनं विचारलं. मी होईल म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, कोण जाणे.

लातूरला येऊन फाइल उघडली. मशीन कुठल्या कामात मेलं, ते काम कोणी सांगितलं होतं, त्याला कोणी, अशी उतरंड दिसायला हवी होती. माझ्यासमोर आले आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे दोन प्रश्नचिन्हं. म्हणजे कॉम्प्युटर म्हणत होता, पत्ता आहे, तिथं कोण राहतं ते माहीत नाही. नावांची फाइल आणायला गेले तर फोल्डरच नव्हता.

"सर, इथं जुन्या बिल्डचे फोल्डर होते."

"ते? लई जाड होते बघ. एकेक फाइल एवढी मोठी. आणि मशीनवर तर जात नव्हत्या. म्हटलं काढा अडगळ." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अगं, पण कोड आहे की. कोड जपलाय मी. परत बनव की फाइल, त्यात काय?"

कोड होता हे खरं. पण नवा कंपायलर त्याच कोडची मांडणी जराशी वेगळी करतो. घरं सरकतात. तरी सरांच्या समाधानासाठी मी नव्या कंपायलरनं सगळं पुन्हा बांधलं, नावांची नवी फाइल काढली आणि त्या जुन्या आकड्यांना जोडायला गेले. खूण जुळत नाही अशी सूचना आली. मी दामटून जोडली. आणि प्रश्नचिन्हं गेली, त्यांच्या जागी नावं आली, स्वच्छ, एकाखाली एक. सगळ्यात वरचं नाव होतं मशीन तातडीनं बंद करायच्या लाल बटणाचं.

सर माझ्या खुर्चीमागेच उभे होते. "घे," ते म्हणाले. "बाईनं बटण दाबलं. काही नाही, घाबरली असेल, दाबलं असेल बिचारीनं." आणि खिशातून फोन काढला.

तो फोन लागला असता तर त्या बाईचं काम तिथंच संपलं असतं. कॉम्प्युटरनं सांगितलं म्हटल्यावर पुढे कोण बोलणार. मी सरांचा हात धरला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा.

"सर, त्यांचे हात मांडीवर होते. मी बघत होते. आणि ही खूण जुळत नाही. ही नावं या आकड्यांची नाहीतच."

"थोडीफार तर जुळत असतील ना? कोड तर तोच आहे."

"सर, पत्रिकेवर नवरी तीच आणि नवरदेव भलताच छापला, तर लग्न थोडंफार जुळलं म्हणायचं का?"

पलीकडे आपल्या टेबलाशी बसलेल्या काकू हसल्या. सर हसले नाहीत, पण फोन खिशात गेला. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "मीच घालवल्या म्हण की," म्हणाले. त्यांचा चेहरा बघून माझा राग उतरला. त्यांनी साफसफाई केली होती, चोरी नव्हती केली. सणाच्या आधी जुनं काढायचं, हे त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं, माझ्या आईनं मला.

आता एकच मार्ग होता. तोच कोड, तोच जुना कंपायलर, सगळं जसंच्या तसं. मग तीच घरं त्याच जागी उभी राहतील आणि खूणही तीच येईल. पण जुना कंपायलर कॉम्प्युटरबरोबर पुसला गेला होता. तो आम्ही कुठून आणला होता तेही कुणाला नीट आठवेना. बोर्डवाल्या कंपनीला विचारलं, ते म्हणाले तो आता आम्ही देत नाही, नवा घ्या. इंटरनेटवर त्याच्यासारखे चार सापडले, तो नाही सापडला. दोन दिवस मी तेच करत होते. मधेच नांदेडहून फोन यायचा. ती शेठच्या माणसाचा फोन मागून करायची आणि एवढंच विचारायची, "हुतंय का?" मी म्हणायची, करायलेय ताई, हुतंय. माझ्या तोंडात तिची बोली यायला लागली होती.

"तो बोर्डाबरोबर आला होता ना गं?" काकूंनी जेवताना विचारलं. "पहिल्या बोर्डाबरोबर. डबीत एक पेन ड्राइव्ह होता. आपण पूजा केलेली त्याची."

सर म्हणाले, ती डबी कधीच भंगारात गेली असेल.

"पूजा केलेली वस्तू मी भंगारात देईन?" काकूंनी डबा बंद केला. "देव्हाऱ्यात आहे."

ऑफिसच्या कोपऱ्यात भिंतीवर लहानसा लाकडी देव्हारा आहे. मी रोज त्याच्या खालून जाते, वर कधी बघितलं नव्हतं. पूजेच्या वेळी मी बाहेर नळापाशी उभी राहते, काकू पेढा मला तिथं आणून देतात. कोणी कोणाला काही विचारलेलं नाही, तसं ते बसून गेलंय. आता मी काकूंना म्हणाले, तुम्हीच काढून द्या. काकूंनी मूर्तीमागे हात घातला, एक सुपारी, एक सुकलेलं आपट्याचं पान आणि तो पेन ड्राइव्ह बाहेर काढला. त्याच्यावर कुंकवाचं बोट होतं, इतकी वर्षं टिकलेलं. शेडभरचा दसरा काढला होता, पण देव्हाऱ्यामागचं कोणी काढत नाही. काकूंनी पदरानं कुंकू पुसलं आणि तो माझ्या हातावर ठेवला. "लागेल का याच्यानं तिचं काम?"

कंपायलर त्यातच होता. मी दुपारी बसले, सगळं बांधलं, खूण बघितली. जुळली नाही. मला रडू फुटायचंच बाकी होतं. मग डोक्यात आलं, की या नावांच्या जंत्रीत कोड कुठल्या फोल्डरमध्ये बसून बांधला तो पत्ताही लिहिलेला असतो. म्हणजे फोल्डरही तोच पाहिजे. पुसायच्या आधी कॉम्प्युटरचं नाव सरांनी शुभलाभ ठेवलं होतं, तेच त्या पत्त्याच्या सुरुवातीला यायचं, आणि मी त्यावरून त्यांना कितीदा चिडवलं होतं. आता तेच नाव मी निमूटपणे टाकलं, त्याच्याखाली जसे होते तसे फोल्डर उभे केले, पुन्हा बांधलं. खूण एकेक अक्षर करून ताडली. जुळली.

प्रश्नचिन्हं दुसऱ्यांदा गेली आणि या वेळी खरी नावं आली. लाल बटणाचा कुठं मागमूस नव्हता. मशीन मेलं होतं पाळीचा अहवाल लिहिताना. पहिला लॉट संपला की मशीन आपोआप अहवाल लिहितं, त्यात चालवणाऱ्याचं नाव घालतं. त्या नावासाठी कोडमध्ये एक जागा राखलेली होती. ती माझ्या आधीच्या कुणीतरी राखली होती, इंग्रजी अक्षरं मोजून, आणि नाव म्हणजे त्याच्या लेखी बहुधा एक शब्द असावा. मराठी अक्षर कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं. मी त्या जागेत मरताना काय होतं ते उघडलं. आधी आकडे दिसले, मी त्यांची अक्षरं केली.

त्या बाईचं नाव होतं. पूर्ण. तिचं, मग नवऱ्याचं, आणि मग आडनाव अर्ध्यावर तुटलेलं. उरलेली अक्षरं शेजारच्या जागेत सांडली होती, जिथं मशीननं पुढे कुठं जायचं तो पत्ता असतो. तो पत्ता खराब झाला आणि मशीन मेलं. फिटर एक आकडा टाकायचा, दुसऱ्या पाळीचा माणूसही आकडाच टाकायचा. त्या मशीनला आपलं नाव नीट सांगणारी ती एकटीच होती.

मी सरांना आणि काकूंना दाखवलं. काकूंनी ते नाव मोठ्यानं वाचलं. मिलमध्ये तिला सगळे मशीनवाली म्हणत. खरं सांगायचं तर तिचं पूर्ण नाव मलाही तोवर माहीत नव्हतं.

सरांनी शेठला फोन लावला, स्पीकरवर. बाईची चूक नाही, आमचीच चूक आहे, त्यांनी सरळ सांगितलं. सरांचं हे मला आवडतं. शेठ खुश झाले. "मंग सोपं हाय की. तिला म्हना नाव टाकू नको, नुसता एक ठोक. त्यात काय."

सर माझ्याकडे बघायला लागले. दिवाळी तोंडावर होती, एक ठोकला असता तर मशीन खरंच चाललं असतं आणि मला नांदेडची खेप वाचली असती. "नाही," मी फोनकडे तोंड करून म्हणाले. "त्या नाव टाकणार. मी येतेय." आवाज जरा चढलाच असावा, कारण शेठ "बरं बरं" म्हणाले.

जागा वाढवायला काहीच लागलं नाही, एक आकडा बदलायचा होता. जागा संपली तर शेजारी सांडू नये अशी तजवीजही केली. नवा प्रोग्राम बांधला, नावं सोलून वेगळी काढली, नावांची फाइल एका कोऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली आणि तो काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो देव्हाऱ्यात जुन्याच्या शेजारी ठेवला, त्याला कुंकवाचं बोट लावलं. मी हात जोडले नाहीत आणि काकूंनी तशी अपेक्षाही केली नाही. कुठल्याही दसऱ्यात हात लागणार नाही अशी शेडमध्ये तेवढी एकच जागा होती.

नांदेडला पोचले तेव्हा तिची पाळी सुरू व्हायची होती. मी प्रोग्राम टाकला आणि तिला काय झालं होतं ते सांगितलं, कोडबिड काढून. तुमचं नाव मोठं होतं आणि आम्ही जागा लहान ठेवली होती.

"म्हंजी माझ्या नावानंच मशीन पडायली व्हय," ती म्हणाली.

"आमच्या जागेनं," मी म्हणाले. "आता मोठी केलीय."

"किती बी बसतं?"

"बसतं."

तिनं हात पुसले आणि एका बोटानं सुरुवात केली. तिचं नाव झालं. मग तिनं थांबून माझ्याकडे बघितलं. "पोराच्या कागदावर आता आईचं नाव बी लावायलेत. माझ्यात माझ्या आईचं लावलं तर चालंल का? तिनं बी जलमभर सूपच धरलं."

मी चालेल म्हणाले आणि मनातल्या मनात अक्षरं मोजायला लागले. तिनं आईचं नाव टाकलं, नवऱ्याचं टाकलं, आडनाव टाकलं आणि सुरू दाबलं. डाळ पडायला लागली. या खेपेला माझे हात मांडीवर घट्ट धरलेले होते आणि ती निवांत बसली होती. पहिला लॉट संपला. फटके चालूच राहिले. स्क्रीनवर अहवाल आला, वरच्या ओळीत ते लांबलचक नाव, कुठंही न तुटता.

फिटर येऊन आमच्या मध्ये उभा राहिला आणि वाकून ते नाव वाचायला लागला. आईच्या नावाशी अडखळला. तिनं ते दुरुस्त करून सांगितलं, त्यानं परत म्हटलं.

"आता जरा बाजूला सरका," ती म्हणाली. "डाळ दिसंना मला."